हिरोजी

सडक अर्जुनीकडच्या गावांत एक माणूस असा असतोच, की ज्याचं खरं नाव फक्त मतदार यादीत आणि पेन्शनच्या पासबुकात उरलेलं असतं. बाकी सगळ्यांसाठी तो हिरोजी. सौंदडला एक आहे, डव्व्याला एक आहे, शेंड्याकडे तर दोन आहेत म्हणतात आणि ते एकमेकांच्या घरच्या तेरवीलाही जात नाहीत.

हिरोजीचं वय साठीच्या पुढचं. मिशी काळीभोर आणि भुवया पांढऱ्या, कारण डायच्या पाकिटावर 'डोळ्यांजवळ लावू नये' असं छापलेलं असतं आणि हिरोजी शिकलेला आहे. 1980च्या दशकात कधीतरी तो गावच्या मंडईत नाटकातला हिरो झालेला असतो. त्यानंतर आयुष्यात जे जे घडलं, म्हणजे पंचायत समितीतली नोकरी, लग्न, तीन लेकरं, मोतीबिंदू, सेवानिवृत्तीचा शाल-नारळ, त्या सगळ्याला तो मनातल्या मनात मध्यंतर धरतो. पडदा पुन्हा उघडायचाच आहे, फक्त लोक अजून भजी खाऊन परतलेले नाहीत, असा त्याचा समज.

दुसरी खूण म्हणजे तो कुणाकडे पाठ करून उभा राहत नाही. "प्रेक्षकाले पाठ दाखवाची नाई," हे डायरेक्टरनं एकदा सांगितलं ते त्यानं जन्मभर पाळलं. कोहमाऱ्याच्या चौकात चहा घेताना तो असा उभा राहतो की टपरीवाला, समोरचे ऑटोवाले आणि नवेगावबांधकडे निघालेली एसटी, तिघांनाही त्याचा चेहरा दिसावा. बँकेत कॅशियरकडेही तो अर्धाच वळतो. पैसे मोजतो तेही पब्लिककडे तोंड करून, आणि मोजताना चुकतो.

मी त्याच्याच मंडळाचा प्रॉम्प्टर. तेव्हाही होतो, आताही आहे. प्रॉम्प्टरला पुनरागमन वगैरे करावं लागत नाही, कारण तो मधे कुठे गेला होता हे कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना इथं थोडं सांगावं लागेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून आमची झाडीपट्टी. दिवाळी झाली, हलका धान घरात आला, की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, लेकीजावयांच्या भेटी, पोरापोरींचं पाहणं. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक. नाटक दहाला सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. तुमच्याकडे प्रेक्षक शेवटची लोकल धरायला उठतो, आमच्याकडे तो पहिल्या एसटीपर्यंत बसतो. नाटकाच्या नावात कुंकू, मंगळसूत्र, बहीण यांपैकी एक काहीतरी पाहिजेच, तिन्ही असले तर तिकीट जास्त खपतं.

आमचं गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा झाला तो 1 मे 1999ला. त्या काळी नाटक गावातली पोरंच बसवायची. दिवसा धान कापायचा, रात्री समाजमंदिरात तालीम करायची. नटी तेवढी नागपूरहून बोलवायची. गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणारी रेल्वे छोट्या लाइनची होती, आणि एका साली आमची नटी सौंदडला उतरायचं सोडून 'अर्जुनी' असा बोर्ड दिसेपर्यंत बसून राहिली. ती अर्जुनी मोरगावची अर्जुनी. तिथल्या मंडळानं तिला सन्मानानं ठेवून घेतलं आणि त्या रात्री दोन नट्यांचं नाटक केलं. इकडे आमच्या नाटकात नायिका सबंध तीन अंक 'माहेरी' होती. हिरोजीनं तिच्या फोटोशी प्रेम केलं. फोटोही तिचा नव्हता, कॅलेंडरवरचा होता. तरी लोक रडले. ही गोष्ट हिरोजी आजही सांगतो आणि दर वेळी रडणाऱ्यांची संख्या वाढते.

मग वडशाच्या कंपन्या जोरात आल्या. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टीचं नाटकवाल्यांचं गाव. तिथं जायचं, तारीख पक्की करायची, अ‍ॅडव्हान्स द्यायचा, की पडदे, लाइट, ऑर्गन, नट, नटी सगळं घेऊन गाडी दारात उभी. गावच्या मंडळांना तालमीचा ताप राहिला नाही आणि गावच्या हिरोंना काम राहिलं नाही. कंपनीचा हिरो तयार असतो, सीझनभर रोज नव्या गावात उभा राहतो, पाठांतर पक्कं असतं आणि मुख्य म्हणजे त्याला धान कापायला जायचं नसतं. आमचं मंडळ कुणी बंद केलं नाही. एका साली फक्त कुणी पेटीची धूळ झटकली नाही.

तिसेक वर्षं अशी गेली. हिरोजी थंडच बसला असता, पण 2023ला झाडीपट्टी रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. सगळ्या झाडीपट्टीला आनंद झाला, हिरोजीला आनंदासोबत हिशेबही सुचला. "त्यायनं चालू ठेवला, आपुन बंद केला. फरक तेवढाच गा," तो मला म्हणाला. फरक काही हजार प्रयोगांचा होता, पण प्रॉम्प्टरनं न विचारता बोलू नये.

आगीत तेल ओतलं ते नातवानं. नागपूरला इंजिनिअरिंगला असलेल्या त्या पोरानं आजोबांना मोबाइलवर मिक जॅगर दाखवला. रोलिंग स्टोन्सचा हा गायक 26 जुलै 1943चा, म्हणजे 2024च्या अमेरिका दौऱ्यात तो 80 वर्षांचा होता आणि स्टेडियमएवढ्या स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत होता. पाच वर्षं आधी, 2019ला, त्याच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले होते आणि तोच गडी जूनमध्ये पुन्हा शिकागोच्या स्टेजवर होता. नातू गमतीनं म्हणाला, "आबाजी, त्या दौऱ्याचे प्रायोजक कोण माहीत आहे? एएआरपी. तिकडची निवृत्त लोकांची संघटना." हिरोजीनं हे गमतीत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या पेन्शनर मंडळींकडे जाऊन आला. त्यांच्याकडे रक्तदाब तपासणी शिबिरापुरते पैसे होते. नाटकाच्या वेळी तेच शिबिर स्टेजच्या बाजूला लावू, एवढी तयारी त्यांनी दाखवली. पुढे ती फार कामाला आली.

जॅगरची एक गोष्ट नातवानं सांगितली नाही, ती मी सांगतो. त्याचा बाप व्यायामशिक्षक होता आणि हा माणूस आजही दौऱ्याआधी खेळाडूसारखा सराव करतो. आमच्या हिरोजीचा व्यायाम म्हणजे सकाळी हायवेच्या पुलापर्यंत चालत जायचं आणि कोलकात्याकडे जाणारे ट्रक मोजून ऑटोनं परत यायचं.

जुनी टीम गोळा करणं हा एक स्वतंत्र तीन अंकी खेळ होता. तबलजी नागपूरला पोराच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या माळ्यावर. त्याच्या बायकोनं तबला-डग्गा माळ्यावरच्या पेटीत, लग्नातल्या भांड्यांखाली दडवलेला. "गुडघे गेले, बोटं तरी राहू द्या," ती म्हणाली. तो मोक्षधामात कुणाच्या तरी अंत्यविधीला जातो असं सांगून तालमीला यायचा. महिनाभरात त्याचे इतके नातेवाईक गेले की शेवटी ती स्वतःच सांत्वनाला आली आणि पहिल्या रांगेत बसून तालीम पाहत राहिली.

कॉमेडियन वारला होता. त्याच्या जागी त्याचा मुलगा घेतला. पोरगा मोबाइलचे कव्हर विकतो, विनोद त्याला एक येत नाही, पण चालतो अगदी बापासारखा, डावा पाय थोडा फेकून. पहिल्या दिवशी तो समाजमंदिराच्या दारातून आत आला तेव्हा सगळे एकदम गप्प झाले आणि पेटीमास्तरनं आपसूक त्याच्या बापाची एन्ट्रीची धून वाजवली. पोराला ती धून माहीत नव्हती. तो म्हणाला, "चार्जर कुठं लावू जी?" लेड झेपेलिन या विलायती बँडनं 2007च्या डिसेंबरात लंडनला एकच रात्र परत वाजवलं तेव्हा वारलेल्या ड्रमरच्या जागी त्याचाच मुलगा, जेसन बोनहॅम, बसला होता. ते लोक शहाणे. एका रात्रीत काम आटोपलं आणि पुन्हा त्या नावानं दौरा काढला नाही.

राहिला व्हिलन. त्याचं किराणा दुकान आहे आणि त्याची नि हिरोजीची तेव्हापासून बोलचाल बंद. कारण गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काढत नव्हतं. तो तयार कसा झाला हे कोडं मला पडलं होतं. विचारलं तर म्हणाला, "पार्टात मले त्याचा गळा दाबाचा आहे ना? मंग येतो."

तालीम सात वाजता. पहिला अर्धा तास गोळ्या-औषधांचा. मग चहा. दोन बिनसाखरेचे, एक गुळाचा आणि व्हिलनचा फुल साखरेचा. साखर सगळ्यांत जास्त त्याच्याच रक्तात होती, पण तो म्हणायचा, दुकानदारानं साखरेला नाही म्हटलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल.

तालमीतला खरा मुत्सद्दी पेटीमास्तर. हिरोजी तेव्हा पांढरी चारमध्ये गायचा, आणि आता गळा काळी एकच्या वर जायला तयार नाही. हे त्याला सांगायचं कुणी? पेटीमास्तरनं सांगितलं नाहीच. तो रोज गुपचूप थोडी पट्टी उतरवत गेला. शेवटी काळी एकवर येऊन थांबला आणि म्हणाला, "वा! तोच पांढरी चारचा गळा आहे जी अजून." हिरोजीनं त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले. विलायतेतल्या बँडांतही हेच चालतं म्हणे. गायकाचं वय झालं की गिटारच्या तारा अर्धा-एक स्वर खाली उतरवतात आणि पब्लिकला वाटतं, आवाज तसाच आहे. त्यांच्यात आणि आमच्यात फरक एवढाच, की तिकडे गायकाला ते माहीत असतं.

या वयात तेच पार्ट करावेत का, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. बालगंधर्वांनी 1935ला 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथाचं काम केलं, नंतर पुन्हा नायिका होऊन रंगमंचावर आले आणि पन्नाशी उलटली तरी लुगडं सोडलं नाही. लोक डोळे मिटून ऐकायचे. पण मिटलेल्या डोळ्यांनी ऐकण्याजोगा गळा असेल तर ती सवलत मिळते. आमच्या हिरोजीसमोर डोळे मिटले तर माणूस झोपतो, तेही रात्री दोनला.

नाहीतर पटाच्या बैलाचं पाहा. कोर्टानं 2014ला शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद केले, पुढे परवानगी मिळाली, पट पुन्हा सुरू झाले. पण कुणी जुना बैल काढून जुंपला नाही. बैलाला फोटोंचा अल्बम नसतो.

अल्बमावरून आठवलं. स्टेजसमोर लावलेल्या फ्लेक्सवर हिरोजीनं आपला तेव्हाचाच फोटो छापला, केसांचा कोंबडा, गळ्यात रुमाल, खाली 'तोच जोश, तोच जल्लोष'. आबा नावाच्या स्वीडनच्या बँडनं याहून डोकं चालवलं. 2022पासून लंडनला त्यांच्या कार्यक्रमात ते स्वतः स्टेजवर येतच नाहीत. संगणकावर बनवलेल्या त्यांच्या 1979च्या काळातल्या आकृत्या नाचतात, आणि खरी माणसं घरी असतात. आमच्याकडे फ्लेक्स घरी ठेवता आला असता आणि माणूस स्टेजवर, किंवा उलट. दोन्ही एकाच ठिकाणी आले आणि घोटाळा झाला. पडदा उघडल्यावर मागच्या रांगेतलं एक पोरगं मोठ्यानं म्हणालं, "हा हिरोचा बाप काहून आला जी आधी?"

प्रयोगाआधी आणखी एक गोष्ट झाली होती. नागपूरहून आलेली नटी चांगल्या वळणाची, सव्वीस-सत्तावीसची. मेकअप होताच तिनं रीतीप्रमाणे वाकून हिरोजीचे पाय धरले आणि म्हणाली, "आशीर्वाद द्या काका." हिरोजीनं डोक्यावर हात ठेवला, "अखंड सौभाग्यवती," म्हणाला, आणि पंधरा मिनिटांनी तिच्यासोबत बागेतलं युगुलगीत म्हणायला उभा राहिला. आशीर्वाद दिलेला हात तो गाणंभर कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी खिशात घातला.

पहिल्या अंकात खिडकीतून उडी मारून एन्ट्री. तेव्हा ही उडी तालुक्यात गाजली होती, म्हणून याही वेळी पाहिजेच. आम्ही खिडकीची पाटी खाली घेतली. मग आणखी खाली घेतली. विंगेतून एक स्टूल लावलं, स्टुलाखाली पाट ठेवला. हिरोजीनं उजवा पाय खिडकीतून आत टाकला, टाळी पडली, आणि डावा पाय काही वर येईना. त्यानं मला एक नजर दिली. प्रॉम्प्टरकडे शब्द असतात, पाय नसतात. शेवटी तो खिडकीतच बसला आणि अन्यायाविरुद्धचं ते दीड पानी भाषण त्यानं पाटीवर बसून म्हटलं, एक पाय घरात आणि एक रस्त्यावर. पुढच्या रांगेतले मास्तर शेजाऱ्याला म्हणाले, "नव्या पद्धतीचं आहे. प्रतीकात्मक."

दुसरा अंक पडला. लपवण्यात अर्थ नाही. पोरं मोबाइलमध्ये गेली, बाया शालीत गेल्या, म्हातारे शेकोटीकडे गेले. रक्तदाब शिबिरात गर्दी झाली, त्यात कलाकारच जास्त. आणि खरं सांगायचं तर तेव्हाचं नाटक तरी काय मोठं होतं? वही माझ्या हातात असायची. विसरायचे तेव्हाही, आजच्याहून जास्त विसरायचे. पण विसरलं तर हसायचे, दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून ठोकायचे, पडदा पडला तर पडद्यासमोर येऊन बोलायचे, आणि सकाळी पुन्हा बांधीत कापणीला. आता सगळ्यांचं पाठांतर चोख होतं. प्रत्येकाची नजर आपल्या पुढच्या वाक्यावर होती, समोरच्या माणसावर नव्हती. आपण पडू ही भीती पायांत बसली होती आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होती. हे मी तबलजीला विंगेत हळूच म्हटलं तर तो म्हणाला, "तू टॉर्च सरळ धर."

तिसरा अंक पहाटे चारच्या सुमारास लागला. हिरोजी व्हिलनच्या वाड्यात शिरतो, त्याला नराधम म्हणतो आणि एक सणसणीत झापड देतो, असा प्रसंग. हात उगारला. व्हिलननं तो हवेतच धरला. वहीत हे नव्हतं.

"थांब गा," व्हिलन म्हणाला. आवाज एकदम घरचा. "एकडाव मारलास, चूप रायलो. आता मारशील तं याद राख."

मी विंगेतून पुढचं वाक्य दिलं. हिरोजीनं ते घेतलंही, "नराधमा, तुझ्या पापाचा घडा..." आणि मधेच थांबून त्यानं विचारलं, "कोनता एकडाव?"

"माहा होनारा सासरा समोर बसला होता त्या दिवशी. तुले मालूम होता. खोटीखोटी माराची तं खरीच मारलास. मानूस उठून गेला. म्हने, पोरगा गुंड आहे. सोयरीक मोडली माही!"

"त्यात माही का चूक? पार्टच तसा होता!"

"पार्ट माहा हिरोचा होता! नारळ फोडाच्या दिवशी तू बदलवलास!"

मांडवातली शेवटची शाल खाली आली. शेकोटीवरचे म्हातारे परत येऊन उभे राहिले. बायांच्या बाजूनं एक आजी मोठ्यानं म्हणाली, "खरं आहे बाप्पा, पार्ट त्याचाच होता!" दुसरीनं तिला टोकलं, आणि मांडवात उभे दोन पक्ष पडले.

"माहा आवाज चांगला होता म्हनून देल्ला मले पार्ट," हिरोजी ओरडला. आणि सांगतो, ते ओरडणं पांढरी चारचं होतं. पेटीमास्तरनं चमकून पट्टी चाचपून पाहिली.

"आवाज! काहाड ना मंग तो आवाज! पेटी किती खाली उतरवली ते विचार मास्तरले!"

पेटीमास्तर पेटीमागे दिसेनासा झाला. हिरोजी क्षणभर लटपटला, मग तरातरा चालत स्टेजच्या पार पुढे आला, दोन पायऱ्या एकदम उतरून पुन्हा चढला, ज्या पायांना खिडकी चढता आली नव्हती त्याच पायांनी. "अना गॅसबत्तीचे पैसे? चार बत्त्यांचं भाडं कोन देल्ला? मी! तू म्हनलास, मंडई झाली का देतो. कोनती मंडई गा? कोनत्या जन्मातली?"

"माह्या दुकानातून तीन वर्षं उधार नेलास ते?"

"ते तुह्या बापाच्या दुकानातून!"

नटी मधे उभी होती. हुशार पोरगी. तिनं दोघांचे हात धरले आणि वहीतलंच एक वाक्य फेकलं, घरातल्या भांडणानं घर बुडतं अशा अर्थाचं. ते इतकं बसलं की मांडवानं शिट्या मारल्या. कॉमेडियनचा पोरगा कुणी न सांगता विंगेतून बाहेर आला, डावा पाय फेकत, दोघांच्या मधून चालत गेला आणि दुसऱ्या विंगेत निघून गेला. एवढंच. लोक हसून हसून बांधाला टेकले. त्या एका चालीत त्याचा बाप सगळ्यांना दिसला आणि काही जण हसता हसता डोळे पुसत होते, हिरोजीही.

झापड कुणीच कुणाला मारली नाही. नाटक कसं संपलं ते कुणालाच आठवत नाही. पडदा पडल्यावर विंगेत दोघं पाणी पीत शेजारी शेजारी बसले, एकमेकांशी बोलले नाहीत, पण गोळ्यांचं पाकीट एकाचंच दोघांनी वापरलं. नंतर कळलं, गोळी रक्तदाबाची होती आणि व्हिलनला रक्तदाब नाही.

सकाळपासून गावात एकच चर्चा. नाटकाचं नाव कुणी घेईना, सगळे म्हणत, "ते भांडन का रंगला जी!" चौथ्या दिवशी शेजारच्या गावच्या मंडई कमिटीचे दोन जण आले. अ‍ॅडव्हान्स घेऊनच आले. अट एकच. नाटक राहू द्या, ते वडशावरून बुक झालं आहे. मधल्या वेळात तेवढं भांडण करून द्या, पाऊण घंटा.

हिरोजीनं नातवाला फोन लावला. नातवानं त्याला ओअ‍ॅसिसची गोष्ट सांगितली. गॅलाघर नावाचे दोघे सख्खे भाऊ, ऑगस्ट 2009ला पॅरिसमध्ये कार्यक्रमाच्या तोंडावर मागच्या खोलीत भांडले, बँड फुटला. 4 जुलै 2025ला ते कार्डिफच्या स्टेजवर पुन्हा एकत्र आले तेव्हा तिकिटांवर जग तुटून पडलं, आणि दौरा सुरू होण्याआधी लोकांची चर्चा एकच, हे दोघे शेवटपर्यंत टिकतात की भांडतात. "म्हंजे भांडन इंटरन्याशनल आहे," हिरोजी म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

ठेवला तो कामालाच लागला. आठ दिवसांत त्यानं भांडण लिहून काढलं. शंभर पानी वही, लाल शाईनं हालचाली, निळ्या शाईनं संवाद, कंसात 'संतापाने', 'अधिक संतापाने'. पेटीमास्तरला पार्श्वसंगीत बसवायला सांगितलं. आजीचं वाक्य मांडवातून कोण म्हणेल, त्यासाठी गावातल्या तीन आजींची चाचणी घेतली. समाजमंदिरात नारळ फोडला आणि वहीची एकेक झेरॉक्स सगळ्यांच्या हातात दिली.

पहिली तालीम वाचनाची. दोघं समोरासमोर बसून अतिशय सभ्यपणे एकमेकांना शिव्या वाचून दाखवत होते. शेजारच्या गावचे ते दोघे उरलेली रक्कम ठरवायला आले होते, ते जांभया देऊ लागले. तबलजीच्या बायकोनं विणकाम काढलं.

व्हिलन पानं उलटत होता. एकदा पुढे गेला, एकदा मागे आला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"माहा तो डायलॉग कुठं आहे गा? 'काहाड ना मंग तो आवाज,' तो?"

"आहे ना. पान अकरा."

"इथं तं तो तुह्या नावासमोर लिवला आहेस."

"हो," हिरोजी म्हणाला. "तो माह्या आवाजात चांगला लागते."

व्हिलननं झेरॉक्स खाली ठेवली आणि उभा राहिला. त्यानंतर जे झालं ते वहीत कुठेच नव्हतं. समाजमंदिराच्या खिडक्यांना पोरं लटकली, चहावाला किटली ठेवून तिथंच बसला, तबलजीची बायको विणकाम सोडून व्हिलनच्या बाजूनं बोलू लागली, आणि शेजारच्या गावच्या त्या दोघांनी आपसात काहीतरी कुजबुजून खिशातून पाचशेची आणखी एक नोट काढली.